शेंड्यासकट आलेला दालो

अळूवडीसाठी ऑस्ट्रेलियात मी ज्या दुकानात पहिल्यांदा भांडले, त्याच दुकानात पुढे मला नोकरी लागली.

दुकान सिडनीतल्या हॅरिस पार्कात होतं. पॅरामॅटा स्टेशनवर उतरायचं, मिठाईवाल्यांच्या वासातून चालत पुढे जायचं, आणि कोपऱ्यावर वळलं की खोक्यांमध्ये रचलेले ते केसाळ कंद दिसायचे. अळकुड्या आहेत हे मी लगेच ओळखलं. पण आपल्याकडच्या अळकुड्या लिंबाएवढ्या, अंड्याएवढ्या. इथली एकेक दोन्ही हातांनी उचलावी अशी दांडगी. आता जिथे एवढा कंद तिथे पान असणारच, हे कोणीही सांगेल. देश सोडल्यापासून अळूवडी तोंडात पडली नव्हती, त्यात श्रावण चालू होता. मी थेट गल्ल्यावर गेले आणि पानं मागितली.

"पत्ता नहीं मिली, बेटी," गल्ल्यावरच्या बाई म्हणाल्या.

"संपली का?"

"संपतील कशी? येतच नाहीत."

"येत नाहीत म्हणजे? कंद येतो आणि पानं येत नाहीत? तिकडे काय गुरांना घालता?"

माझा आवाज चढला होता. भूक लागली की माझं डोकं फिरतं, हे माहेरी-सासरी सगळ्यांना ठाऊक आहे. बाईंनी मात्र शांतपणे एक कंद उचलून माझ्या नाकासमोर धरला. त्याचा वरचा भाग सपाट कापलेला होता, सुरीच्या एकाच घावात.

"डोकं उडवल्याशिवाय याला या देशात पाय ठेवता येत नाही," त्या म्हणाल्या. "तू नशीबवान. डोक्यासकट आलीस."

रांगेतले लोक हसले. मला आणखी राग आला, मग मलाही हसू आलं. काहीच न घेता मी निघाले तर बाईंनी हाक मारून विचारलं, शनिवार-रविवार काम करशील का? घाऊकवाल्यांशी भांडायला त्यांना कोणीतरी हवं होतं.

तो काळच असा होता की आमच्यातला प्रत्येकजण काही ना काही शिकत होता. ज्याला घरी चहा गाळता येत नव्हता तो कुकरीचा कोर्स करत होता, जिने उभ्या जन्मात कात्री धरली नव्हती ती हेअरड्रेसिंगचा. मी अकाउंटिंगचा करत होते. नवरा माझ्या व्हिसावर आलेला, पेट्रोल पंपावर शिफ्टला जायचा. 'सुनेच्या व्हिसावर' हे शब्द सासूबाईंच्या घशाखाली उतरत नसत. फ्लॅटमध्ये आणखी जोडपी होती आणि फ्रिज सगळ्यांत मिळून एक. अशा दिवसांत ते दुकान मला हक्काचं वाटायला लागलं.

मालकीणबाईंना सगळे आंटी म्हणत, मीही म्हणू लागले. त्या फिजीच्या. त्यांच्या पणजोबांना ऊस तोडायला म्हणून गोऱ्यांनी बोटीतून तिकडे नेलं होतं. त्यांची हिंदी अशी काही होती की पहिले काही आठवडे निम्मं मी अंदाजानेच समजून घेतलं. म्हणून त्यांचं बोलणं इथे मराठीतच सांगते. अळूला त्या दालो म्हणत. तिथल्या मूळ लोकांचा तो शब्द.

दालोचं झाड बी पेरून लावत नाहीत, हे मला त्यांनी शिकवलं. कंद खायचा, आणि वरचा शेंडा देठासकट कापून तोच पुन्हा मातीत खोचायचा. शेंडा हेच बियाणं. आणि बियाणं जिथे जातं तिथे त्याच्या अंगावरचा रोगही जातो, कीडही जाते. म्हणून ऑस्ट्रेलियात दालो आणायचा तर शेंडा कापलेला हवा, मुळं काढलेली हवीत, आणि माती नखाएवढीसुद्धा नको. नाहीतर अख्खा माल बंदरातून परत, किंवा भट्टीत.

मी सुरुवातीला याला सरकारी चोचले म्हणत असे. मग एका दुपारी खोकी भरता भरता आंटींनी मला शेजारच्या देशाची गोष्ट सांगितली. तोही बेटांचाच देश, फिजीहून लहान. तिथला दालो दूरदूर जायचा. एका वर्षी पानांवर ठिपके दिसले, पाण्याचा थेंब वाळावा तसे तपकिरी. पाऊस पडत राहिला, ठिपके पसरत राहिले. बघता बघता या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत पानं कुजली. पान नाही म्हणजे कंद नाही. रोजच्या ताटातलं अन्न गेलं आणि बोटीत चढवायलाही काही उरलं नाही. बाजारातली ती रिकामी जागा मग आंटींच्या देशाने भरली.

"आमची भाकरी त्यांच्या पानावरच्या ठिपक्यातून आली," आंटी म्हणाल्या. "म्हणून मी त्या ठिपक्याला देवाला भ्यावं तशी भिते."

मी हातातला कंद तसाच धरून बसले. आमच्या माहेरी अळू मोरीच्या पाण्यावर वाढायचं. त्याला कोणी खत घातलं नाही, कोणी लावलं असंही आठवत नाही. शेजारीण कुंपणावरून हाक मारायची, "अगं, पानं ने गं, फार माजलंय." त्या माजलेल्या पानावर कुठे एक देश जेवतो, पोरांना शाळेत पाठवतो, आणि त्यावर एक ठिपका पडला तर तो देश बाजारातून पुसला जातो! मी खरोखर थक्क झाले. त्यानंतर नियमांना चोचले म्हणायची माझी छाती झाली नाही.

पण नियमाची दुसरी बाजूही मला माहीत होती. देश सोडताना आईने माझी ओटी भरली होती. खणात गहू, हळकुंड, सुपारी आणि शेंडी असलेला नारळ. शेंडी हवीच, शेंडी काढलेला नारळ आमटीत घालायला ठीक, ओटीत तो कोणी घालत नाही. सिडनीच्या एअरपोर्टवर मी सगळं इमानदारीने दाखवलं. हातमोजे घातलेल्या माणसाने नारळ शेंडीला धरून उचलला आणि पेटीत टाकला. मग गहू, मग सुपारी, मग हळकुंड. शेवटी रिकामा खण घडी घालून परत दिला आणि म्हणाला, "हे चालेल." आईला मी हे कधीच सांगितलं नाही.

दालोची ती गोष्ट ऐकली त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की त्या माणसाचंही काही चुकलं नव्हतं. आपण शुभ म्हणून जे देतो ते सगळं उगवणारं असतं. आणि हा देश घाबरतो तो नेमका उगवणाऱ्यालाच. कोण बरोबर हे ठरवायला मी खूप डोकं खाजवलं, शेवटी सोडून दिलं.

आंटींचं बालपण एका बेटावर, नदीकाठच्या गावाला लागून गेलं. जमीन गावाची, म्हणजे तिथल्या मूळ लोकांची. आंटींचे वडील ती भाडेपट्ट्याने कसत. पट्टा संपला, वाढवून मिळाला नाही, आणि हिंदुस्थानी लोकांविरुद्ध देशातलं वातावरणही तेव्हा बिघडलेलं. एका सकाळी ट्रकमध्ये भांडीकुंडी भरून हे लोक निघाले. निरोप द्यायला गावातून कोणीही आलं नाही. जिच्याबरोबर आंटी नदीत पोहायला शिकल्या ती मैत्रीणसुद्धा नाही.

"पडद्याआडून बघत होती," आंटी सांगायच्या. "पडदा मी ओळखला. माझ्या आईनेच शिवून दिला होता."

आणि बऱ्याच वर्षांनी त्याच मैत्रिणीचा फोन आला. गावाने सगळ्यांनी मिळून दालो लावला होता. नदीकाठची काळी जमीन, कंद उत्तम धरला होता. आजवर गावाचा माल दलालाच्या तोंडाकडे बघत बसायचा. या वेळी त्यांना स्वतःच्या नावाने बाहेर पाठवायचा होता, आणि घेणारं माणूस ओळखीचं हवं होतं.

"तुम्हाला राग नाही आला?" मी विचारलं.

"आला ना. पण दालो चांगला होता."

असं म्हणायच्या, पण गावाचा माल घेऊन येणाऱ्या त्या कंटेनरच्या पायी आंटींना अन्न गोड लागेना. हा पहिला माल सुखरूप सुटला तर गावाची वाट मोकळी होणार होती. अडला तर त्या गावचं नाव इथे कायमचं खराब होणार, आणि पुन्हा त्यांच्या दारात जाणारा कोणी नव्हता. मी शनिवारी गेले की आंटी फोनवरच असायच्या. फोनकार्ड खरवडायचं, भलामोठा नंबर फिरवायचा आणि तेच तेच सांगायचं: शेंडा कापा, मुळं काढा, माती धुवा. गावची भाषा त्या घडाघडा बोलायच्या. ती भाषा बोलताना त्यांचा आवाज कोवळा व्हायचा.

कंटेनर उघडायचा होता टूनगॅबीच्या पलीकडे, एका कोल्ड स्टोअरच्या आवारात. मी आंटींबरोबर गेले. क्वारंटाईनची अधिकारी आधीच येऊन उभी होती, उन्हाने रापलेली, उंच, कमरेला टॉर्च. हसली छान, पण डोळे आमच्याकडे नव्हतेच, कंटेनरच्या सीलकडे होते.

सील तोडलं, दारं उघडली. गार हवेचा लोट अंगावर आला आणि त्यात ओल्या जमिनीचा वास होता. माती तर एवढी धुऊन टाकलेली, तरी तो वास कुठून आला कोण जाणे. खालपासून छतापर्यंत खोकीच खोकी. एका अख्ख्या गावाच्या वर्षभराच्या कष्टांपुढे मी उभी होते. दर्या ओलांडून ते इथे एका डांबरी आवारात येऊन थांबले होते. माझे हात आपोआप जोडले गेले.

आंटींनी मला कोपराने ढोसलं. "देऊळ नाही ते. बाजूला हो."

अधिकारीबाई एकेक खोकं उतरवून घेत होती. कंद उचलायची, टॉर्च मारायची, कापलेल्या जागेवर अंगठा फिरवायची, खाचांत बघायची. एकही मूळ नाही. मातीचा कण नाही. प्रत्येक शेंडा तसाच सपाट कापलेला. "ब्यूटिफुल," ती स्वतःशीच म्हणाली, आणि आंटींनी इतक्या वेळाने श्वास सोडला. मला तर गावजेवण घालावंसं वाटत होतं.

मग एक खोकं आलं त्यावर लाल रंगाने आंटींचं नाव लिहिलं होतं. मोठ्या, वळणदार अक्षरांत.

अधिकारीबाईने झाकण उघडलं आणि तिचा हात तिथेच थांबला. आत झावळ्यांची विणलेली टोपली होती. टोपलीत दालोची जुडी, सुतळीने बांधलेली. गावातले सगळ्यांत मोठे कंद निवडलेले असणार. आणि त्यांना शेंडे होते. देठ होते. मुळांत काळी माती होती. प्रवासात देठ पिवळे पडले होते, पण प्रत्येकाच्या मधोमध नव्या पानाची हिरवी सुरळी तशीच ताठ उभी होती. इतक्या थंडीत, इतक्या अंधारात ती जगली होती.

अधिकारीबाईने खोकं पुन्हा झाकलं, हातमोजे बदलले, दारं लावून घेतली आणि फोन करायला दूर गेली. परत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं.

"उरलेला माल स्वच्छ दिसतोय," ती म्हणाली. "पण हे लपवून आणलं असेल तर सगळाच परत जाईल, आणि ज्यांनी भरला त्यांचा माल इथून पुढे घेणार नाहीत. चुकून आलं असेल तर गोष्ट वेगळी. तुम्हाला माहीत होतं का?"

आंटींची नजर त्या झाकलेल्या खोक्यावरच होती.

"आंटी, नाही म्हणा ना," मी हिंदीत कुजबुजले. "चुकून आलं म्हणा. भरणाऱ्याची चूक म्हणा."

आंटींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी ते पुसलंही नाही. "चुकून नाही," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "माझ्यासाठी आहे."

मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. इतके दिवस शेंडा कापा म्हणून घसा सुकवला आणि ऐन वेळी ही बाई सत्यवादी हरिश्चंद्र झाली! मी संतापून त्यांच्याकडे वळले, तेव्हा त्या माझा हात धरून, भराभर, त्यांच्या त्या हिंदीत सांगायला लागल्या. गावात मान द्यायचा तो दालो शेंड्यासकट देतात. लग्नात, मयतीत, पाहुणा आला तर. कापलेला तो बाजाराचा, पैसे देऊन कोणीही न्यावा. न कापलेला तो आपल्या माणसाचा. "माझा बाप जन्मभर त्यांच्या शेजारी राहिला," आंटी म्हणाल्या, "पण आमच्या दारात अशी जुडी कधी आली नाही. आज आलीय."

माझा राग जिथल्या तिथे विरला. मला नारळ दिसला, शेंडीला धरून उचललेला.

मग मी बोलले. कसं बोलले कोण जाणे, व्याकरणाची पार वाट लावून. म्हटलं, बाई, लपवणारा माणूस खोक्यावर लाल अक्षरांत नाव लिहील का? ही भेट आहे. आमच्याकडेही नारळ द्यायचा तर शेंडीसकट देतात, केस काढलेला नारळ कोणी मानाने देत नाही. तुमच्या एअरपोर्टवर माझ्या आईचा नारळ पेटीत गेला, मी काही बोलले नाही. यांनी उरलेला सगळा माल तुमच्या नियमाने कापला. हा एवढा त्यांच्या नियमाने ठेवला. त्यांना वाटलं असेल, भेटीला कुठला आलाय कायदा.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "माझे बाबा वर उत्तरेत केळी लावायचे. एकदा शेजारच्या बागेत पानावर रेघा दिसल्या. आमची बाग निरोगी होती, तरी आसपासची सगळी झाडं तोडली. बाबांनी स्वतः तोडली, आम्ही पोरं बघत होतो." तिने खोक्याकडे पाहिलं. "भेट असली तरी पान तेच असतं, लव्ह." इथे अनोळखी माणसालाही असंच म्हणतात.

खरंच होतं ते. एका बाजूला ती बाग, दुसऱ्या बाजूला ती टोपली, आणि मध्ये मी. दोन्हीकडे मान झुकवावी अशी माझी गत झाली. जगात इतक्या खऱ्या गोष्टी एका वेळी एकाच खोक्यात मावतात, हे मला कोणत्याही कोर्सने शिकवलं नव्हतं.

"लपवलेलं नाही, असं मी कळवते," ती म्हणाली. "बाकी वरचे ठरवतील. हे खोकं मात्र जाळावं लागेल. आजच."

आंटींनी मान हलवली. मग विचारलं, "मी ते घेऊ का?"

"नाही, लव्ह. नेता नाही येणार."

"न्यायचं नाही. फक्त घ्यायचंय."

अधिकारीबाईला कळलं की नाही, माहीत नाही. तिने आंटींकडे पाहिलं आणि जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्याकडे बोट केलं. "पट्ट्याच्या अलीकडे राहा. हात लावू नका." आणि तिने खोक्याचं झाकण उघडून ठेवलं.

फुलाफुलांचा ड्रेस सावरत आंटी त्या सिमेंटवर खाली बसल्या. गुडघे दुखायचे त्यांचे. दुकानात स्टुलावर बसतानाही कण्हायच्या. मान खाली घालून त्या गावच्या भाषेत काहीतरी बोलल्या, हळू, ठरलेल्या लयीत. कुठे शिकल्या असतील? लहानपणी दाराशी उभं राहून दुसऱ्यांच्या घरचं ऐकलं असेल. मग त्यांनी, गावात भेट स्वीकारताना वाजवतात तशी, तळहात खोलगट करून टाळी वाजवली. आपल्यासारखी कडकडीत टाळी नव्हती ती. विहिरीत काही पडावं तसा घुमणारा, जाड आवाज. पुन्हा. पुन्हा. फोर्कलिफ्टवाला गाडी बंद करून बघत राहिला. अधिकारीबाई हात मागे बांधून उभी होती.

मग खोकं पिवळ्या पिशवीत गेलं, पिशवीचं तोंड बांधलं, गाडी आली आणि घेऊन गेली.

निकाल यायला वेळ लागला. त्या दिवसांत आंटींचं दुकानात लक्ष नव्हतं. नेहमीच्या गिऱ्हाइकालासुद्धा साखरेऐवजी मिठाची पिशवी दिली. शेवटी कळलं की सगळ्या मालाला गॅसची धुरी देऊन तो सोडतील. गावाला सक्त ताकीद: असं पुन्हा झालं तर कायमचं बंद. मी आंटींना मिठीच मारली. त्यांनी पाठीवर थोपटलं आणि फोनकार्ड पुढे केलं. "खरवड."

फोन त्यांनी स्पीकरवर लावला. पलीकडून मैत्रिणीचा आवाज आला, पाठीमागे कोंबडे आरवत होते. पहिला प्रश्न कंटेनरचा नव्हताच. आंटी मला मध्ये मध्ये हिंदीत सांगत होत्या.

"मिळालं का, विचारतेय." आणि फोनमध्ये, त्यांच्या भाषेत: मिळालं. खाली बसून घेतलं.

पलीकडे हसणं, कोणाला तरी हाक, आणखी हसणं. बरीच बायामाणसं जमलेली असावीत. मग आंटींनी बाकीचं सांगितलं. जाळलं. इथे जिवंत चालत नाही. पुन्हा पाठवू नका, पाठवलं तर तुमचं सगळं बंद होईल. पलीकडचा गलका हळूहळू थांबला. आता फक्त कोंबडे ऐकू येत होते.

मग मैत्रिणीने काहीतरी विचारलं. मी खुणेने विचारलं, काय?

"म्हणतेय, मग तुला आम्ही द्यायचं तरी काय?"

कार्ड संपलं आणि फोन कट झाला.

नंतरचा कंटेनर आला तेव्हा इथे थंडी सुरू झाली होती. तेच आवार, तीच अधिकारीबाई. खोकी उतरत गेली, सगळं लख्ख. आणि मग पुन्हा ते लाल रंगातलं नाव. आंटी पुटपुटल्या, "नाही. नाही. सांगितलं होतं मी."

अधिकारीबाईने आमच्याकडे पाहिलं आणि झाकण काढलं.

सुतळीने बांधलेली जुडी होती. तितकेच मोठे कंद, निवडक. धुतलेले, मुळं काढलेली, आणि प्रत्येकाचा शेंडा एका घावात सपाट उतरवलेला. टोपली नाही, देठ नाही, पान नाही. तिने एकेक कंद फिरवून पाहिला, अंगठा फिरवला, टॉर्च मारला. मग ती जुडी दोन्ही हातांवर घेऊन पिवळ्या पट्ट्यापर्यंत आली आणि आंटींच्या हातात दिली. "नो वरीज," ती म्हणाली.

मला आनंद झाला, पण आंटींचा चेहरा पाहून तो गिळला. त्या जुडीकडे बघत होत्या आणि त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते. कापलेला तो बाजाराचा, असं त्यांनीच मला सांगितलं होतं. गावाने नियम पाळला होता आणि आंटी पुन्हा गिऱ्हाईक झाल्या होत्या. गाडीत जुडी मात्र त्यांनी मांडीवरून खाली ठेवली नाही.

दुकानात आल्यावर त्यांनी स्वतःच कार्ड खरवडलं. गल्ल्यासमोर गिऱ्हाइकं उभी होती. त्यांना थांबा म्हणायचं कोणाच्या लक्षातही आलं नाही. मैत्रिणीने फोन उचलला. मिळालं का?

"मिळालं," आंटी म्हणाल्या, आणि मग त्यांना राहवलं नाही. मला नंतर सांगितलं त्यांनी ते सगळं. म्हणाल्या, मुंडी छाटलेला पाठवलास गं मला. दुकानातल्या बाईला पाठवतात तसा.

पलीकडे मैत्रीण हसली. इतकी मोठ्याने की दुकानातल्या सगळ्यांनी मान वर केली. मग ती बराच वेळ बोलत होती. आंटींनी गल्ल्याची कड धरली. मी स्टूल पुढे सरकवलं, पण त्या बसल्या नाहीत.

"काय झालं?" मी घाबरून विचारलं.

"शेंडे तिथे आहेत," आंटी मला म्हणाल्या. "माझ्या जुडीचे. वेगळे ठेवले त्यांनी. बापाच्या शेतात लावलेत. आम्ही गेल्यापासून ती जमीन तशीच पडून होती, गावात कोणी तिला हात लावला नव्हता. आता तिथे माझा दालो आहे. म्हणतेय, पट्टा संपला तो कागदावर. दालो काय कागद वाचतो?"

रांगेत कोणीतरी घसा खाकरला. आंटींनी फोन गल्ल्यावर ठेवला, तळहात खोलगट केले आणि त्या तांदळाच्या पोत्यांमध्ये उभ्या राहून ती जाड, घुमणारी टाळी वाजवली. पलीकडून तशीच टाळी आली. एकीची नव्हती ती.

मग आंटींनी डोळे पुसले, फोन कानाला लावला आणि विचारलं, "पानं केवढी झालीत?"